या जेवायला

१

आमच्या ओळीत कुणी तोंडाने भांडत नाही. भांडणं होतात ती वाय-फायच्या नावांनी.

ओळ म्हणजे लिपा गावाच्या कडेला एका लांब भिंतीला पाठ लावून बसलेली बारा घरं. एकाने लसूण परतला की बाराही घरांना कळतं. अशा ठिकाणी तोंडावर बोलून कसं चालेल? उद्या त्याच्याकडेच मीठ मागायला जायचंय. म्हणून इथे सकाळी फोन उघडायचा आणि आजूबाजूच्या वाय-फायची यादी वाचायची. चार नंबरच्या कुया गोरियोच्या, म्हणजे गोरियोदादाच्या, झुंजीच्या कोंबड्याने सगळ्यांना हैराण केलं, तेव्हा पाच नंबरवाल्याने आपल्या वाय-फायला नाव दिलं, 'कोंबडा नव्हे भोंगा'. गोरियोने संध्याकाळच्या आत उत्तर ठेवलं, 'भोंगा आहे म्हणून उठता'. नऊ नंबरात नवं लग्न झालेलं जोडपं राहायला आलं, तर आठ नंबरने ठेवलं, 'नऊ नंबर, भिंत पातळ आहे'. ती बिचारी पोरगी किती दिवस मान वर करून चालली नाही. आणि सात नंबरची उर्बाना मावशी, आमच्या भाषेत आलिंग उर्बाना, ओळीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचं नाव 'उर्बाना सगळं बघते'. ते मात्र विनोद म्हणून नव्हतं, खरंच होतं.

आमचं घर बारावं, शेवटचं. त्यापलीकडे माणूसभर वाढलेलं गवत, आणि त्यात एकही घर नाही.

आमच्या वाय-फायचं नाव मी ठेवलं, 'या जेवायला'. आमच्याकडे ताटावर बसलेलं असताना दारावरून कुणीही जावो, तोंडातून आपोआप निघतं, या जेवायला. जाणाऱ्यानेही न थांबता म्हणायचं, झालं हो आमचं. पोटात कावळे ओरडत असले तरी म्हणायचं. कुणी खरंच चप्पल काढून आत आलं, तर अख्खी ओळ वर्षभर दात काढेल. म्हणून मला ते नाव फार आवडलं. बोलावणं सगळ्यांना आणि पासवर्ड कुणालाच नाही!

माझा नवरा डेल्फिन पोट धरून हसला. सासू हसली नाही.

"नेरी, जेवायला बोलावणं म्हणजे काय थट्टा वाटली तुला?" नानाय म्हणाली. सासूला आम्ही आईसारखंच नानाय म्हणतो.

"अहो नानाय, वाय-फाय आहे ते. कोण वाचतंय?"

"ज्याला भूक लागलीय, तो वाचेल," नानाय म्हणाली आणि टॅबलेटवर आपली मालिका लावून बसली.

२

आमचं टेबल भिंतीला टेकवलेलं आहे, त्यामुळे खुर्च्या तीनच. चौथी ठेवली तर फ्रिजचं दार उघडत नाही. मधली खुर्ची माझी. माझं माहेर वादळात गेलं, घरही गेलं आणि माणसंही. तेव्हा जगात माझी म्हणून जी जागा आहे ती ही एवढीच, हे मी हसत हसत डेल्फिनला कितीदा सांगितलं होतं. तो मग माशाच्या पोटाचा तुपकट तुकडा माझ्या ताटात टाकायचा. बांगूस माशाचं पोट म्हणजे सगळ्यात गोड भाग. लग्न झाल्यापासून तो तुकडा कधी दुसऱ्या कुणाच्या ताटात गेला नव्हता.

त्या दुपारीही बांगूसच होता. डेल्फिन हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. जेवता जेवता मालकाचा फोन आला आणि तो अर्धवट उठून पळाला. तो उंबरा ओलांडतोय तोवर मी आणि नानायने आपापलं ताट जागच्या जागी एक फेर फिरवलं. जेवण चालू असताना कुणी घराबाहेर पडलं की मागच्यांनी ताटं फिरवायची, म्हणजे जाणारा धड परत येतो. मी फार देवभोळी नाही, पण ताट न फिरवता कुणाला जाऊ दिल्याचं मला आठवत नाही. हात आपोआप फिरतो. चिनी मातीचं ताट लाकडावर घासल्याचा तो खर्रर आवाज ऐकला की बरं वाटतं.

मग मी कामाला बसले. मी घरून काम करते. परदेशातल्या एका बुटांच्या दुकानाची गिऱ्हाइकं रागावली की त्यांना गोड गोड उत्तरं लिहायची. इंटरनेट अडखळलं म्हणून मी यादी उघडली. ओळखीची बारा नावं होती, आणि सगळ्यात खाली, सिग्नलची एकच रेघ असलेलं तेरावं.

'वाटेत आहे'.

मी खुदकन हसले. 'या जेवायला'चं उत्तर 'वाटेत आहे'! कोण गं हा हुशार? संध्याकाळी उर्बानाच्या दारात जाऊन मी तिला फोन दाखवला.

"आलिंग उर्बाना, हा कुणाचा चावटपणा?"

म्हातारीने चष्मा वर केला, यादी वाचली आणि फोन असा परत केला की जणू हात भाजला.

"आमच्यापैकी कुणाचा नाही."

"मग कुणाचा? ओळीत तेरावं घर आहे का?"

"तू आत जा बाई," ती म्हणाली, "आणि जेवताना दार लावून घेत जा." पुढे काही बोलायच्या आत तिने स्वतःचं दार लावलं.

३

मी डोकं शाबूत असलेली बाई आहे. वाय-फायला पाय नसतात. पलीकडच्या रस्त्यावर कुणी ट्रक लावला असेल, ट्रकवाल्याच्या फोनचं नाव असेल, झालं. असं मी मला रोज समजावत होते. पण रेघ एकाची दोन झाली आणि नाव बदललं, 'जवळ आहे'.

फोन घेऊन मी घरभर फिरले. पुढच्या दारात दोन रेघा, पलंगापाशी तीन. स्वयंपाकघराच्या खिडकीला, गवताच्या बाजूला, सगळ्या भरलेल्या. खिडकीच्या जाळीला मी कपाळ लावून बाहेर पाहिलं. भर दुपार होती, ऊन रणरणत होतं, वारा नावाला नव्हता. गवत हलत नव्हतं. फक्त एका जागी, माणूस उकिडवा बसेल एवढीच जागा दबलेली होती. कुत्रं बसून गेलं असेल, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी यादी उघडली आणि वाचतच राहिले. कोंबडा नाही, भोंगा नाही, पातळ भिंत नाही, उर्बानाही नाही. अकराच्या अकरा घरांनी एका रात्रीत नावं बदलली होती. सगळ्यांचं नाव एकच.

'आमचं झालं'. 'आमचं झालं'. 'आमचं झालं'. अशी अकरा वेळा. आणि त्यांच्यामध्ये आमचं एकटं, वेड्यासारखं हसत उभं, 'या जेवायला'.

मी तशीच उर्बानाच्या दारावर जाऊन आदळले.

"सगळ्यांना सांगितलंत ना तुम्ही? घरोघरी जाऊन?"

"सांगितलं."

"मग माझंच दार राहिलं? तुमचा ताप उतरत नव्हता तेव्हा कोण बसलं होतं उशाशी? मी बसले होते! मला नाही सांगावंसं वाटलं?"

ती माझ्याकडे न बघता वाल सोलत राहिली. "तोंडाने बोलावलेलं हवेत विरतं गं नेरी. तुझा तो वाय-फायचा डबा दिवसरात्र बोलावतोय, भिंतीतून, गवतातून, न थकता. ऐकणाऱ्याने ऐकलं."

"मग मला सांगायचं! मीही नाव बदललं असतं!"

"तूही बदललं असतंस," उर्बाना म्हणाली, "मग ते आमच्यापैकी कुणाकडे गेलं असतं?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं मी या ओळीला माझी माणसं म्हणत होते. कुया गोरियो कोंबडा काखेत घेऊन आपल्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि घसा खाकरून आत गेला.

४

रडत बसणारी मी नव्हे. घरी आले आणि फोनवर राऊटरच्या सेटिंगचं पान उघडलं. आधी नाव बदललं, 'आमचं झालं'. डब्याच्या मागे एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्ड न विचारताच कुणीही जोडलं जातं. ते बंद केलं. मग कोण कोण जोडलेलं आहे ते पाहिलं. माझा फोन, डेल्फिनचा फोन, नानायचा टॅबलेट. चौथ्या ओळीत नाव नव्हतंच, रिकामी जागा होती. पण ते जोडलेलं होतं.

ते मी हाकललं आणि नवा पासवर्ड ठेवला. नुसतं नाव पासवर्ड म्हणून ठेवू नये म्हणतात, कुणीही ओळखतं. पण मी ठेवलेलं नाव या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

लिवायवाय. आमच्या भाषेत पहाट. सातव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली, तिच्यासाठी मी आणि डेल्फिनने ठरवलेलं नाव. नानायलाही सांगितलं नव्हतं, कारण जन्माआधी नाव फोडायचं नाही असं आमचं ठरलं होतं. नंतर फोडण्यासारखं काही उरलंच नाही. तिचं माझ्याकडे तेवढंच होतं, ते नाव. एकदाही मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं.

संध्याकाळी डेल्फिनच्या कानात मी ते सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे कशाला ठेवलंस?"

"कारण हे तू कुणाला देणार नाहीस."

त्याने मान हलवली आणि माझा हात दाबला. मला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या दोघांचं असं काहीतरी घरात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादी उघडली. आमचं नाव परत 'या जेवायला'. जोडलेल्यांच्या यादीत चौथी रिकामी ओळ परत, अजून जोडली जात असलेली. आणि तेरावं नाव आता सगळ्यात वर, सगळ्या रेघा भरून, 'दाराशी आहे'.

५

पुढच्या फाटकापाशी कुणीतरी बोलत होतं. मी दबकत गेले. नानाय होती. फाटकाच्या गजांना धरून, वाकून, ती हळूहळू सांगत होती. पाहुण्याला पासवर्ड सांगतात ना, तसं. एकेक अक्षर सुटं करून, समोरचा टाईप करेपर्यंत थांबून.

"एल... आय... डब्ल्यू... हं, झालं? मग ए... वाय..."

फाटकाच्या पलीकडे कुणी नव्हतं. नुसती उन्हाने पांढरी पडलेली वाट. पण नानाय थांबत होती, मान डोलवत होती, आणि एकदा तर म्हणाली, "नाही, पुन्हा डब्ल्यू. घाई करू नका."

मी तिचा दंड धरून मागे ओढलं. "कुणी सांगितलं तुम्हाला हे नाव? नानाय! कुणी सांगितलं?"

"माझ्या मुलाने," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या नातीचं नाव मला कळायला इतकी वर्षं लागली. लाज नाही वाटली तुला?"

डेल्फिन तेव्हाच दुकानातून जेवायला आला होता. सायकल हातात धरून फाटकाच्या आत उभा होता. मी त्याच्याकडे वळले.

"तू दिलंस?"

"नेरी, ऐक ना..."

"दिलंस की नाही?"

"नाव तू बदललंस आणि नानाय रात्रभर रडत बसली गं. बोलावलेल्या पाहुण्यांना दारातून परत पाठवायचं, असं आमच्या घरात कधी झालं नाही. तिची मान खाली जाते. एकदा जेवून जाऊ देत ना. एका जेवणाने काय होतंय?"

"कोण पाहुणे? कुठे आहेत पाहुणे? दाखव मला!"

तो माझ्या खांद्यावरून वाटेकडे बघत होता. आधी मला वाटलं तो नजर चुकवतोय. मग लक्षात आलं की त्याची नजर एका जागी ठरलेली आहे, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आणि तो ओशाळं हसला, घरच्या कटकटीबद्दल परक्यासमोर हसतात तसं.

"तिचं नाव होतं ते," मी म्हणाले. "माझ्याकडे दुसरं काय होतं रे डेल्फिन?"

"मला माहितेय," तो म्हणाला. "म्हणून तर दिलं."

६

रविवारी नानायने स्वतः स्वयंपाक केला. भाजलेला बांगूस, चिंचेचं आंबट कालवण, पातेलंभर भात. ताटं चार मांडली. मी खुर्च्या मोजल्या. तीनच होत्या.

माझ्यासाठी ताट होतं म्हणून मी बसले. मनात म्हटलं, बघू. डेल्फिन माझ्या एका बाजूला, नानाय दुसऱ्या. चौथं ताट टेबलाच्या टोकाला, खुर्चीवाचून. फाटकाची कडी नानायने सकाळीच काढून ठेवली होती. मी दोन घास खाल्ले असतील. बाहेर फाटक कुरकुरलं. मग दारात चपला काढल्याचा आवाज आला, एक, आणि थोड्या वेळाने दुसरी. सवय नसल्यासारखी.

मी मान वळवणार तोच डेल्फिन म्हणाला, "नेरी, उर्बानाकडून जरा मीठ आणतेस?"

मिठाची बरणी त्याच्या हाताशी होती. काठोकाठ भरलेली. मी बरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने बरणीकडे पाहिलंच नाही. त्याचे डोळे भरले होते, हे सांगायला हवं. पण तो पुन्हा म्हणाला, "जा ना. पाहुणे उभे आहेत."

मी मनाशी म्हटलं, तो आता उठेल. स्वतःची खुर्ची देईल, नाहीतर म्हणेल, बस गं, मी गंमत केली. नानायने माझ्या ताटातला उरलेला भात पातेल्यात परत टाकला आणि ताट पुसून पुन्हा मांडलं. तेव्हा मी उठले. दारात जुन्या, ओल्या, गवताच्या काड्या चिकटलेल्या चपला होत्या, टोकं आतल्या बाजूला करून ठेवलेल्या. बाजूने काहीतरी आत गेलं. ओल्या मातीचा वास आला आणि माझ्या दंडावर गार काटा उभा राहिला. मी डोळे मिटून घेतले. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

अंगणात येऊन मी थांबले. ताटं फिरवल्याचा आवाज येईल म्हणून. जेवण चालू होतं आणि मी घराबाहेर पडले होते. माझ्यावर राग असो, काही असो, हात आपोआप फिरतो. परक्या माणसासाठीही फिरतो. मी श्वास रोखून ऐकत राहिले. आतून चमचे वाजले, पाणी ओतल्याचा आवाज आला, नानाय हसली. ताट एकही फिरलं नाही.

मी धावत उर्बानाच्या दारावर गेले. "आलिंग उर्बाना! मी आहे, नेरी! दार उघडा!" भर दुपारी ओळीतली सगळी दारं बंद होती. आतून म्हातारीचा आवाज आला, हळू, रडवेला. "झालं गं आमचं."

"मी माणूस आहे हो! मी नेरी!"

"झालं गं बाई. आमचं झालं."

परत आले तर फाटकाला आतून कडी होती. वर डेल्फिनच्या सायकलचं कुलूपही होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी गवतातून वळसा घालून गेले आणि जाळीतून पाहिलं. टेबलाशी तीन डोकी होती, माझ्याकडे पाठ करून. मधल्या डोक्याला लांब ओले केस होते, आणि त्यात माझा हिरवा चिमटा, जो मी सकाळी खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला होता. ते हाताने जेवत होतं. फार दिवसांच्या भुकेल्या माणसासारखं, मान खाली घालून, भराभर. डेल्फिनने माशाचं पोट चमच्याने सोडवलं, त्यातला काटा काढला आणि तो तुकडा अलगद मधल्या ताटात ठेवला.

"हळू खा," तो म्हणाला. इतक्या मायेने तो माझ्याशी कधी बोलला होता ते मला आठवत नाही. "हळू खा, लिवायवाय. अजून आहे."

मधलं डोकं खायचं थांबलं. खिडकीकडे वळायला लागलं. मी खाली बसले, त्या दबलेल्या जागेत, उकिडवी. तिथे मी अगदी बरोबर मावले.

फोन हातातच होता. राऊटरचं पान अजून उघडंच होतं. चौथी ओळ आता रिकामी नव्हती, तिथे माझ्या मुलीचं नाव होतं. आणि वरची एक ओळ कमी झाली होती, माझी. मी पान बंद करून नावांची यादी उघडली. 'दाराशी आहे' कुठेच नव्हतं. मी बघत असतानाच 'या जेवायला'ही गेलं. आता बाराच्या बारा घरांचं नाव एकच होतं, 'आमचं झालं'. आमच्या राऊटरचं नाव बदलता येणारी माणसं दोन, मी आणि डेल्फिन.

त्या बारांतलं सगळ्यात भरलेल्या रेघांचं जे होतं, ते माझं घर. मी त्यावर बोट ठेवलं. पासवर्ड विचारला. मी टाईप केला, लिवायवाय.

पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं.

मी पुन्हा टाईप केला, एकेक अक्षर सुटं करून, सावकाश. मग पुन्हा. पोटात आग पडली होती. सकाळपासून मी दोनच घास खाल्ले होते.